सिगारेट सापडलेल्या मुलीला घरी पाठवण्याआधी: मुलींच्या वसतिगृहांच्या रेक्टर मॅडमना खुले पत्र

आदरणीय रेक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याच्या पेठांमध्ये अकरावी-बारावीच्या आणि रिपीटर मुलींची जी वसतिगृहं आहेत, तिथल्या सगळ्या रेक्टर मॅडमना हे पत्र आहे. संस्थाचालकांना मुद्दाम लिहिलं नाही. रात्री दोनला मुलगी चक्कर येऊन पडली की दार वाजतं ते तुमचं. रिक्षा शोधता तुम्ही, आणि दुसऱ्या दिवशी आई-वडिलांसमोर उभ्या राहता त्याही तुम्हीच. मी अशाच वस्तीला लागून दवाखाना चालवणारी डॉक्टर आहे.

बहुतेक वसतिगृहांच्या प्रवेश अर्जावर, मागच्या पानाला, बारीक अक्षरात एक अट असते. शब्द थोडे इकडेतिकडे, मतलब एकच: विद्यार्थिनीजवळ तंबाखू, सिगारेट, दारू किंवा कोणताही अमली पदार्थ सापडला तर प्रवेश तत्काळ रद्द, अनामत जप्त. मला बोलायचं आहे ते या अटीबद्दल. व्यसन रोखायला म्हणून ती लिहिलेली असते, आणि प्रत्यक्षात तिच्या तावडीत सापडतात त्या आधीच आजारी असलेल्या मुली. हीच अट मुलांच्या होस्टेलच्या अर्जावरही छापलेली असते. तिथे दंड घेऊन प्रकरण मिटवतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

अशी मुलगी कशी घडत जाते ते तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त तुकड्यातुकड्यांनी. दहावीला नव्वदच्या वर टक्के. गावाकडून येताना शेंगदाण्याची चटणी, लाडूंचा डबा आणि डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेची सगळ्या घराची आशा सोबत. पहिल्या काही महिन्यांत बसून बसून वजन वाढतं. दिवाळीला घरी गेली की आत्या म्हणते, "अगं बाई, केवढी सुटलीस! होस्टेल मानवलं की." सगळे हसतात, तीही हसते. परत आल्यावर रात्रीचं जेवण बंद होतं. मग सोमवार, गुरुवार, चतुर्थी. उपास करणाऱ्या मुलीला आपल्याकडे कुणी कारण विचारत नाही, आणि नवरात्रात तर नऊ दिवस आयतेच मिळतात. वजन उतरतं तसं रूममध्ये कौतुक वाढतं. त्याच सुमारास टेस्टचे मार्क घसरायला लागतात, झोप उडते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. जागं राहायला कॉफी, मग कुणीतरी पुढे केलेली सिगारेट. सिगारेटने भूक मरते हे तिच्या लवकरच लक्षात येतं. एखाद्या रात्री ती दार लावून फरसाणाचा अख्खा पुडा संपवते आणि बाथरूममध्ये जाऊन ओकून टाकते. दुसऱ्या दिवशी स्वतःची शिसारी येऊन पुन्हा उपाशी. हे कुणा एकीचं वर्णन नाही, अनेकींचे तुकडे जोडलेले आहेत. तरी वाचताना तुम्हाला कुणीतरी आठवली असेल.

मग एक दिवस कपाटांची तपासणी होते.

जेवण सुटलं तेव्हा वसतिगृहाचा एकही नियम मोडला नव्हता. ती तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहायला लागली तेव्हाही नाही. पाकीट सापडलं आणि त्या क्षणी नियमावलीला जाग आली. साखळीतली सगळ्यात शेवटची कडी सापडली, तीच गुन्हा ठरली, आणि आधीच्या दोन कड्यांसकट मुलगी एसटीत बसून गावी गेली.

मी 'साखळी' म्हणते ते उगाच नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धामुळे युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं. शरीराने आणि मनाने धडधाकट असे ३६ तरुण पुरुष निवडले आणि त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, कुणी आरशापुढे उभं राहणारं नव्हतं. तरीही ते खिन्न झाले, चिडचिडे झाले, माणसांतून उठले. दिवसभर डोक्यात अन्न. काही जण पाककृती गोळा करायला लागले. कॉफी आणि सिगारेट वाढली. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर कित्येकांना हात आवरेना, पोट फुटेस्तोवर खात सुटले. म्हणजे आपण ज्याला मुलीचा स्वभाव, हट्ट, वाईट संगत म्हणतो, त्यातलं पुष्कळसं नुसत्या उपासमारीने चांगल्या धडधाकट पुरुषांतही उभं राहतं. मग सतरा वर्षांच्या मुलीत, आधीच परीक्षेच्या धाकाखाली असलेल्या, ते का उभं राहू नये?

तंबाखूने भूक मारायची हे तर आपल्या भागाला नवं नाहीच. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया, दिवसभर खुरपणाऱ्या बाया मशेरी लावतात, तंबाखू धरतात. विचारलं तर "तेवढाच पोटाला आधार" म्हणतात. आजीची मशेरीची डबी घरात सगळ्यांना दिसते आणि चालते. नातीच्या कपाटात सिगारेट निघाली की मात्र खानदानाची अब्रू जाते. दोघींच्या पोटातलं कारण एकच आहे, फरक एवढाच की आजीला अन्न पुरत नव्हतं आणि नात समोरचं ताट सारते आहे.

क्रम प्रत्येकीत हाच असतो असं नाही. कुणाला आधी नैराश्य येतं आणि त्यातून जेवण जातं, किंवा उलट खाणं बेसुमार वाढतं. कुणी आधी मैत्रिणींबरोबर बिअर घेते, मग त्या कॅलरी भरून काढायला दोन वेळा उपाशी राहते. काहींच्या बाबतीत या सगळ्याखाली लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार दबलेला असतो. तो विषय शिकलेल्या माणसानेच हाताळावा, सहा जणींच्या खोलीत उभं राहून विचारू नये. कोलंबिया विद्यापीठाच्या व्यसन अभ्यास केंद्राने २००३ मध्ये एक अहवाल काढला होता. खाण्याचे विकार असलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांमध्ये दारू किंवा अमली पदार्थांचा गैरवापर दिसतो, सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण ९ टक्के, असं त्यात म्हटलं होतं. आकडा अमेरिकेचा आहे, लातूरला तो जसाच्या तसा लावायचा नाही. पण सिगारेट सापडलेल्या मुलीला "जेवतेस का?" हा प्रश्न विचारायला तो पुरेसा आहे.

आता आमच्या बाजूचं. दवाखान्यात या मुली "मला बारीक व्हायचंय" म्हणत येत नाहीत. त्या म्हणतात, पित्त होतं, पोट फुगतं, अन्न वर येतं, जेवणच जात नाही. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच मांडलं होतं: तिथल्या ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराच्या, कित्येक रुग्ण जाड होण्याची भीती बोलून दाखवतच नव्हत्या, पोट भरल्यासारखं वाटतं एवढंच सांगत होत्या. आपल्याकडे मग पित्ताची गोळी दिली जाते. अशक्तपणा असेल तर रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहेच, त्यामुळे लोहाची गोळी लिहिली की सगळ्यांचं समाधान होतं. पुढे कुणी विचारत नाही.

पाळी थांबली की तर वेगळाच गोंधळ. मुलीला माझ्याकडे आणताना काही मॅडम दार लोटून हळूच म्हणतात, "डॉक्टर, ती टेस्ट पण करून घ्या." मॅडम, तुमची काळजी मला समजते, टेस्ट करायला हरकतही नाही. पण ती निगेटिव्ह आली की तुम्ही सुटकेचा श्वास टाकून उठता, तिथे माझं खरं काम सुरू व्हायला हवं असतं. पोटाला पुरेसं मिळालं नाही की शरीर पहिल्यांदा पाळीचा खर्च बंद करतं. आणि पाळीच्याच तक्रारीवर "पीसीओडी आहे, वजन कमी करा" एवढं एक वाक्य सांगून मुलीला वाटेला लावणारे आमच्याच व्यवसायातले लोक आहेत. कसं, किती, कुठे थांबायचं, काहीच नाही. उरलेलं तिला मोबाईलवरच्या रील शिकवतात.

एक गैरसमज मला इथेच मोडायचा आहे. हाडांचा सापळा दिसला तरच आजार, असं नसतं. खाऊन ओकण्याचा जो आजार, बुलिमिया, त्यातल्या बहुतेक मुलींचं वजन चारचौघींसारखंच असतं. सतत उलट्या केल्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. अंगापिंडाने भरलेली मुलगीही. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या आजारांत ॲनोरेक्सियाचं नाव वरच्या ओळीत असतं, आणि त्यातले कित्येक मृत्यू आत्महत्येने होतात. "पोरींची नाटकं" म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नाही.

बरं, घरच्यांनी मनावर घेतलं तरी मुलीची विभागणी होते. वजनासाठी आहारतज्ज्ञ, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, रडण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ, सिगारेटसाठी व्यसनमुक्ती केंद्र. प्रत्येक ठिकाणी ती एकच गोष्ट सांगते, बाकीच्या लपवते. याने वेळ जातो एवढंच नुकसान नाही. बुप्रोपिऑन नावाचं एक औषध आहे. नैराश्यावर चालतं, सिगारेट सोडवायलाही वापरतात. वरवर पाहता अशा मुलीसाठी अगदी सोयीचं. पण ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया असेल तर ते देत नाहीत, कारण झटके येण्याचा धोका वाढतो. मुलगी उलट्यांबद्दल बोलली नाही आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर कुणाचाही वाईट हेतू नसताना चुकीची चिठ्ठी लिहिली जाते. ओकते हे बहुतेक वेळा माहीत असतं रूममेटला. आणि रूममेट ते तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्हाला सांगितलं की मैत्रिणीची सीट जाते. तुमची अट उपचाराच्या आड येते ती अशी.

सरकारी कागदावर ही विभागणी दहा वर्षांपूर्वीच मिटलेली आहे. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, १० ते १९ वयोगटासाठी. त्याच्या विषयांत पोषण, मानसिक आरोग्य आणि व्यसन ही तिन्ही एकत्र आहेत. सरकारी रुग्णालयांतली 'मैत्री' क्लिनिक त्याखालीच चालतात. तुमच्या शहरातलं मैत्री क्लिनिक कुठे आहे, कोणत्या वारी उघडं असतं, तिथल्या समुपदेशक कोण, एवढी चौकशी एकदा करून ठेवा. नीट चालत नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र लिहा. एका रेक्टरच्या पत्राला उत्तर येणार नाही कदाचित, दहा जणींच्या सहीच्या पत्राला येईल.

२५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या संस्थेपर्यंत पोचला असेलच. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीचा २०२३ मध्ये मृत्यू झाला, त्या प्रकरणात न्यायालयाने कोचिंग आणि वसतिगृहांसह सगळ्या शैक्षणिक संस्थांना सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. वसतिगृहात मोठ्या अक्षरात हेल्पलाइन क्रमांक. मार्कांवरून मुलांच्या बॅच पाडायच्या नाहीत. पंख्यांना सुरक्षा साधनं बसवायची. यातलं पंख्याचं काम सगळ्यात सोपं, कारण त्याचं बिल निघतं आणि फोटो काढता येतो. समुपदेशकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. संस्थाचालकांशी भांडायचं असेल तर त्या पगारावरून भांडा, आणि 'प्रशिक्षण' या शब्दात मेसच्या मावशींना धरा. कारण कोण जेवलं नाही, कोण ताटात चिवडून उठलं, कुणाची पोळी कागदात गुंडाळून कचऱ्यात गेली, हे या इमारतीत फक्त मावशींना माहीत असतं. त्यांना हे कुणी विचारत नाही.

मावशींनी पाळत ठेवावी असं मात्र मी म्हणत नाहीये. ताटावर बसून "संपवल्याशिवाय उठायचं नाही" म्हणणं, सगळ्यांची वजनं करून तक्ता लावणं, रात्री बाथरूमबाहेर उभं राहणं, यातलं काहीही करू नका. लपवाछपवी तेवढी वाढते. आठवडाभर कुणी नीट जेवताना दिसली नाही की एकटीला गाठून "तुझं लक्षण मला ठीक दिसत नाही, माझ्यासोबत डॉक्टरांकडे चल" एवढंच म्हणा. वजनाचा, दिसण्याचा उल्लेख नको. "किती बारीक झालीस" हेही तिच्या कानाला शाबासकीसारखं लागतं. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडतं म्हणाली, उलटीतून रक्त आलं, मरणाची भाषा केली, तर मात्र पालकांची वाट न बघता त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात न्या. आणि बरेच आठवडे उपाशी राहिलेल्या मुलीला प्रेमापोटी एकदम तूप-शिरा भरवू नका. अशा शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की फॉस्फेटसारखे क्षार झपाट्याने उतरतात आणि तेच जिवावर बेतू शकतं. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाली पाहिजे.

बाहेरच्या पानटपरीबद्दलही बोलून घेते. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, १८ वर्षांखालच्या कुणालाही कुठेच विकता येत नाही. २००३ चा कायदा आहे. ई-सिगारेट तर २०१९ पासून पूर्ण बंद. बाल न्याय कायद्यात अल्पवयीनाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कायद्याने गुन्हेगार ठरवला आहे तो देणाऱ्याला. आपण घरी पाठवतो घेणारीला, आणि टपरी तिथेच.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. किशोरवयातल्या ॲनोरेक्सियावर ज्या उपचाराला सर्वांत चांगला आधार आहे तो कुटुंबाला सोबत घेऊन करायचा उपचार आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात तो घडला. सुरुवातीला मुलीच्या जेवणाची सगळी जबाबदारी आई-वडील हातात घेतात, तिच्याजवळ बसून, रोज, प्रत्येक वेळी. ती सुधारेल तशी हळूहळू तिच्याकडे परत देतात. वसतिगृहात नेमकं हेच शक्य नाही. तेव्हा काही मुलींना काही आठवडे, कधी काही महिने घरी जावंच लागेल. मग तुम्ही म्हणाल, तेच तर आम्ही करतो, घरी पाठवतो. फरक आहे, मॅडम. सीट राखून, डॉक्टरांची चिठ्ठी देऊन, बापाला शांतपणे समजावून पाठवलेली मुलगी आजारी म्हणून घरी जाते. सामानासकट काढलेली मुलगी बदनाम होऊन जाते. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, आणि मराठवाड्यातले काही जिल्हे त्याच्याही कितीतरी पुढे आहेत. "होस्टेलवरून काढली" म्हटल्यावर आपल्या गावांमध्ये बापाच्या डोक्यात पुढचं काय येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या लग्नात ती तिचा आजार घेऊन जाते.

अठराच्या आतल्या मुलीच्या पालकांना सांगावं लागणार, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त फोनवर "तुमच्या मुलीकडे सिगारेट सापडली" हे पहिलं वाक्य नको. "मुलीची तब्येत बरी नाही, दोघंही या, डॉक्टरांशी बोलायचं आहे" असं म्हणा आणि ते आल्यावर समुपदेशकाला समोर बसवा. रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. रेक्टरनेही त्यावर फोन करायला हरकत नाही.

अर्जातल्या अटीच्या जागी काय लिहावं, याचा मसुदा पुढे देते. आणून देणारी, विकणारी मुलगी वेगळी. तिच्यासाठी तुमचे नियम असू द्या. हे स्वतः वापरणारीपुरतं आहे:

"विद्यार्थिनीजवळ तंबाखू, मद्य अथवा अमली पदार्थ आढळल्यास पदार्थ जप्त करून सात दिवसांच्या आत तिची वैद्यकीय तपासणी व समुपदेशन करण्यात येईल. तपासणीत आहार, झोप, मनःस्थिती व व्यसन या सर्वांचा विचार होईल. उपचारासाठी घरी जावे लागल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिची जागा त्या शैक्षणिक वर्षासाठी राखून ठेवण्यात येईल. विद्यार्थिनीने अथवा तिच्या मैत्रिणीने स्वतःहून माहिती दिल्यास त्या कारणावरून कोणावरही कारवाई होणार नाही."

पुढच्या वर्षाचे अर्ज उन्हाळ्यात छपाईला जातात. त्याआधी यातलं तुमच्या अनुभवाने जे बदलावंसं वाटेल ते बदला, आणि मैत्रिणीबद्दलचं शेवटचं वाक्य मात्र तेवढं राहू द्या.

आपली,
ट्यूशन एरियाजवळची एक डॉक्टर